स्वभावाची चाचणी आणि ख्रिस्ती विश्वास: नवख्यांसाठी, पायरीपायरीने

मुंबईत ख्रिस्ती माणसाच्या हाती स्वभावाची चाचणी साधारण दोन वाटांनी येते. एक वाट ऑफिसातून. ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्यांना प्रश्नावली भरायला लावतात आणि संध्याकाळी प्रत्येकाला चार अक्षरं किंवा चार रंगांचा तक्ता मिळतो. दुसरी वाट मंडळीतून: युवक संघाचं शिबिर, लग्नाच्या तयारीचा वर्ग, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक. मग आठवडाभर "मी नऊ नंबरची", "तू तर पक्का इंट्रोव्हर्ट" असं चालतं आणि पुढे सगळं विरून जातं.

हा लेख त्या आठवड्यानंतरच्या कामासाठी आहे. चाचणीचा निकाल कच्चा माल समजावा. त्यातून एक नेमकं वाक्य निघालं, जे देवापुढे आणि घरच्यांपुढे स्वतःच्या तोंडाने म्हणता येईल, तर चाचणी कामी आली. नाही निघालं तर अर्धा तास गेला, एवढंच.

लागणारं सामान: एक दोनशेपानी वही, पेन, मराठी बायबल, सहा आठवडे आणि तुम्हाला खरं सांगायला न घाबरणारी दोन माणसं. पैसे लागत नाहीत.

पायरी १: कशासाठी, ते आधी लिहा

वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि एका ओळीत कारण लिहा. "माझी चिडचिड कशातून येते ते कळावं", "सभेत माझ्या तोंडून शब्द का फुटत नाही ते पाहावं", "घरी सगळे माझ्याशी जपून का बोलतात?" अशी कारणं चालतात. न चालणारी कारणंही ओळखून ठेवा: कुणाशी लग्न करावं, कुठली नोकरी धरावी, देवाने मला कशासाठी बोलावलं आहे. या प्रश्नांचं उत्तर कुठल्याच प्रश्नावलीत नाही. आणि "आमचे हे असे का वागतात" हे तर मुळीच नको. चाचणी आपली आपण द्यायची असते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायच्या आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ पाहा, असं प्रभूने मत्तय ७:३–५ मध्ये सांगितलं आहे. या विषयाची सुरुवात तिथूनच होते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ज्या घरांतून पत्रिका आणि गुणमेलन पिढ्यांपूर्वी गेलं, त्या घरांत ते नंबरांच्या रूपाने परत येताना दिसतं. "पाच नंबरचं आणि आठ नंबरचं जमत नाही" आणि "मंगळ आहे" या दोन वाक्यांत फार अंतर नाही. स्थळ पाहताना मुलाचा प्रकार विचारू नका आणि मुलीच्या बायोडेटात तो छापू नका.

पायरी २: साधन निवडा

नवख्यांनी चार नावं ओळखली की पुरे.

पहिलं बिग फाइव्ह. विद्यापीठांतल्या मानसशास्त्रात आज सर्वांत जास्त वापर याचा आहे. हे माणसाला कप्प्यात टाकत नाही, पाच पट्ट्यांवर मोजतं: बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती, कामातला नेटकेपणा, चटकन अस्वस्थ होणं आणि नव्याची ओढ. आयपिप नावाचा सर्वांना खुला असलेला प्रश्नसंग्रह आहे. त्यातली १२० प्रश्नांची आवृत्ती ऑनलाइन फुकट देता येते. पहिल्यांदाच करत असाल तर ही घ्या.

दुसरं एमबीटीआय, म्हणजे सोळा प्रकार आणि चार अक्षरं. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघी अमेरिकन बायकांनी ते तयार केलं. त्यासाठी आधार घेतला मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीचा. (युंग हे एका स्विस पाळकाचे चिरंजीव.) बोलायला सोपं असल्यामुळे ऑफिसांत ते रुजलं. अडचण अशी की जो मधोमध आहे त्यालाही ते कुठल्यातरी एका बाजूला ढकलतं. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की एखादं अक्षर बदलणं सर्रास घडतं. फुकट मिळणाऱ्या बहुतेक "सोळा प्रकार" चाचण्या मूळ चाचणी नसतात. त्या तिच्यावरून बेतलेल्या असतात.

तिसरं एनिअग्राम, नऊ नंबरांचं. रिट्रीटमध्ये जास्त करून हेच भेटतं आणि वादही यावरूनच होतात, म्हणून थोडं सविस्तर. नऊ टोकांची आकृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुर्जिएफ या गूढवादी गुरूंनी पश्चिमेत आणली, पण त्यांच्याकडे नऊ स्वभाव नव्हते. ते आले १९७० च्या सुमारास. चिलीतल्या आरिका इथे ऑस्कर इचासो यांनी आणि त्यांच्याकडून शिकलेल्या क्लाउदिओ नारांहो या मनोविकारतज्ज्ञांनी त्यांची बांधणी केली. नारांहो यांच्याकडून ते अमेरिकेतल्या काही जेझुइट फादरांकडे गेलं आणि तिथून रिट्रीटांत पसरलं. "हे वाळवंटातल्या संन्याशांचं प्राचीन ज्ञान आहे" असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस या संन्याशांनी माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. सहाव्या शतकात पोप ग्रेगरींनी ती सातांवर आणली. एनिअग्रामच्या नऊ दोषांत ती सात पापं आहेत, वर कपट आणि भीती जोडलेली. दोषांची यादी जुनी आहे, नऊ प्रकारांची बांधणी मात्र नवी.

चौथं म्हणजे चार प्रकृती: रक्तप्रधान, पित्तप्रधान, कृष्णपित्तप्रधान, कफप्रधान. ही ग्रीक वैद्यकातली जुनी कल्पना. मंडळीतल्या काही शिबिरांत अजून शिकवतात. त्यातलं शरीरशास्त्र कधीच मागे पडलं आहे. वर्णनं गप्पांना बरी, पण त्यावर काही उभारू नका.

हे चालतं का? मंडळी काय म्हणते?

फादरांना किंवा पाळकसाहेबांना विचारून घ्या, लपवून करण्यासारखं यात काही नाही. कॅथलिकांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. २००३ साली व्हॅटिकनने न्यू एज विचारांवर, म्हणजे ठिकठिकाणचं उचलून जमवलेल्या नव्या अध्यात्मावर, एक दस्तऐवज काढला. त्यात एनिअग्रामचा उल्लेख आहे: आध्यात्मिक वाढीचं साधन म्हणून ते वापरलं तर ख्रिस्ती शिकवणीत आणि जीवनात संदिग्धता शिरते, असा इशारा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकच एक भूमिका नाही. काही ठिकाणी वर्ग चालतात, काही ठिकाणी नाव काढलेलं खपत नाही.

आमचं मत: स्वतःला ओळखणं ही विश्वासाला परकी गोष्ट नाही. "मी मला ओळखावं, मी तुला ओळखावं" ही ऑगस्टीनची प्रार्थना आहे. स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओव्यांत तर भक्त देवालाच आपली झडती घ्यायला सांगतो. पण तिथे झडती घेणारा देव आहे. प्रश्नावली झडती घेत नाही. तुम्ही स्वतःबद्दल जे सांगितलं तेच ती नीट मांडून परत देते. आणि हृदय सर्वांत कपटी आहे, असं यिर्मया १७:९ सांगतो. म्हणजे माहिती देणारा साक्षीदारच कच्चा. पायरी ५ त्यासाठीच ठेवली आहे. मन खट्टू होत असेल, कुणी दुखावत असेल, तर एनिअग्राम सोडा आणि बिग फाइव्ह घ्या. पुढच्या पायऱ्या त्यावरही तशाच चालतात.

पायरी ३: चाचणी नीट द्या

१२० प्रश्नांना वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. ती एका बैठकीत द्या. भांडणानंतर, नाइट शिफ्टवरून आल्यावर किंवा तीन दिवसांच्या रिट्रीटहून परतल्यावर लगेच देऊ नका. रिट्रीटनंतर सगळेच शांत आणि क्षमाशील असतात. साधा मंगळवार बरा.

प्रश्नाचं उत्तर "मी कसा असायला हवा" याचं देऊ नका. गेल्या वर्षभरात बहुतेक दिवशी कसा वागलो ते आठवा. ख्रिस्ती माणूस इथे हमखास घसरतो, कारण "मी दुसऱ्यांना सहज क्षमा करतो" या ओळीपुढे "नाही" वर खूण करताना त्याला पाप केल्यासारखं वाटतं. खूण करा. तिथे खोटं लिहिलं तर पुढचं सगळं खोटं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. लहानपणापासून "नाही म्हणायचं नाही" हे शिकवलेलं असल्यामुळे जुळवून घेण्याच्या प्रश्नांवर कर्तव्य उत्तर देतं आणि स्वभाव मागे राहतो. अशा प्रश्नापाशी थांबून विचारा: कुणी बघत नसतं, कुणी नावं ठेवणार नसतं, तर मी काय केलं असतं?

प्रश्न परक्या मुलखात लिहिलेले आहेत, हेही लक्षात असू द्या. "मला एकट्याने वेळ घालवायला आवडतो का?" हा प्रश्न स्वतंत्र खोली असलेल्या माणसाला धरून लिहिला आहे. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांत वाढलेल्या माणसाने आयुष्यात एकट्याने वेळच घालवलेला नसतो. तो कदाचित "नाही" म्हणेल आणि निकाल त्याला बहिर्मुख ठरवेल. खरं तर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसणारा तोच असतो. म्हणून प्रश्न आपल्या जागेत आणून वाचा: गर्दीच्या डब्यातून उतरल्यावर मला जीव यायला काय लागतं, कुणाशी बोलणं की गप्प बसणं?

इंग्रजी अडत असेल तर घरातल्या कुणालातरी शेजारी बसवून फक्त शब्दाचा अर्थ विचारा. उत्तर विचारू नका. फोन नंबर मागणाऱ्या साइटवर चाचणी देऊ नका, आणि "पूर्ण रिपोर्टसाठी पैसे भरा" आलं की तिथेच थांबा.

पायरी ४: निकाल वाचताना

पहिली चूक आकड्याची. बिग फाइव्हच्या रिपोर्टात ३५ दिसलं की आपल्या डोळ्यांपुढे दहावीची मार्कशीट येते: काठावर पास. तसं नाही. तो आकडा म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जणांच्या रांगेत तुमची जागा. बहिर्मुखता ३५ म्हणजे साधारण ३५ जण तुमच्याहून कमी बोलके, बाकीचे जास्त. ३० ते ७० मधला कुठलाही आकडा "मध्यम" समजा आणि सोडून द्या. त्याच्या बाहेरचे जे एक-दोन आकडे असतील तेवढेच वहीत उतरवा. सगळेच मध्यम आले तर? बऱ्याच जणांचे येतात. मग पाच पट्ट्यांपैकी जिच्या बारीक उपविभागांत चढउतार जास्त, ती घ्या.

दुसरी चूक अधिक गोड असते. वर्णन वाचून "अगदी मीच!" असं वाटतं. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि मग प्रत्येकाला "तुझं स्वभाववर्णन" म्हणून कागद दिला. कागदावरचा मजकूर सगळ्यांना एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवलेला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणून स्वतःचं वर्णन वाचल्यावर दुसऱ्या दोन प्रकारांची वर्णनंही वाचा. तीही "अगदी मीच" वाटली तर ते वर्णन तुमच्याबद्दल काही सांगत नाही. जी ओळ वाचून पोटात थोडं कालवलं, तिच्याखाली रेघ मारा. कामाची ओळ बहुधा तीच असते.

पायरी ५: दोघांना विचारा

एक घरातला माणूस, एक बाहेरचा. घरातला असा की ज्याने तुम्हाला थकलेलं पाहिलं आहे. बाहेरचा शक्यतो सहकारी किंवा मंडळीत बरोबर काम करणारा. निकाल त्यांना दाखवू नका, दाखवला की ते त्याच्याशी जुळणारंच बोलतात. तीन प्रश्न विचारा:

"मी दमलो की कसा वागतो?"
"माझ्याशी कुठली गोष्ट बोलायला तुला अवघड जातं?"
"माझ्यामुळे तुझं कुठलं काम सोपं होतं?"

उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. "पण त्या दिवशी तर तूच..." असं तोंडाशी आलं की पाणी प्या. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, स्वतःच्या शब्दांत सुधारून नको. आईने "तू फणकारतेस" म्हटलं असेल तर "माझी संवादशैली थेट आहे" असं लिहिलेलं चालणार नाही.

चाचणी आणि ही दोन माणसं यांच्यात फरक पडला तर माणसांचं धरा.

पायरी ६: एक वाक्य लिहा

हे सगळ्या कामाचं मर्म. घाई करू नका, दोन-तीन दिवस लागू द्या.

समजा, बोरिवलीला राहणारी, चर्चगेटला नोकरी करणारी एक बाई आहे. जुळवून घेण्याच्या पट्टीवर ८८. एनिअग्राममध्ये दोन नंबर, मदत करणारी. तिचं पहिलं वाक्य असं येतं: "मी दोन नंबरची आहे, मला नाही म्हणता येत नाही." हे वाक्य निरुपयोगी आहे. यात कुणी काही केलेलंच नाही, दोष नंबराचा आहे. दुसरं येतं: "मी सगळ्यांसाठी झिजते पण माझी किंमत कुणाला नाही." यात दुःख खरं आहे, पण हे इतरांचं पापनिवेदन झालं. घरच्या माणसाला विचारून आल्यावर तिसरं येतं: "मंडळीत कुणीही काम सांगितलं की मी लगेच हो म्हणते, आणि त्या कामाचा राग रात्री मुलीच्या अभ्यासावर काढते."

हे वाक्य धरता येतं. यात कधी, कुठे, कुणावर हे सगळं आहे. हे घेऊन फादरांपुढे पापनिवेदनाला बसता येतं, मुलीजवळ जाऊन माफी मागता येते, आणि उद्यापासून काय करायचं तेही त्यातच लपलेलं आहे: सेक्रेटरीने रविवारी काम सांगितलं की "बुधवारी कळवते" म्हणायचं. एवढे दोन शब्दही घशात अडकतात, पण ते शिकता येतात.

आपलं वाक्य असं तपासा. त्यात "मी" आहे का? क्रियापद आहे का, की नुसतं विशेषण? "मी रागीट आहे" हे विशेषण. "कामावरून आल्यावर पहिल्या वीस मिनिटांत कुणी काही विचारलं की तोडून बोलतो" हे क्रियापद. त्यात ज्याला लागतं तो माणूस आहे का? आणि "कारण माझा स्वभावच" हे शब्द कुठे शिरले आहेत का? असतील तर खोडा.

त्याच पानावर, खाली, दुसरं वाक्य लिहा: याच स्वभावातून देवाने काय दिलं आहे. त्या बाईच्याच बाबतीत, शेजारचे काका अ‍ॅडमिट झाले तेव्हा सगळ्यांच्या आधी डबा घेऊन पोचलेली तीच. हे लिहिलं नाही तर वही नुसती आरोपपत्र होते, आणि आठवड्याभरात ती कपाटात जाते.

पायरी ७: रोज बारा मिनिटं, आणि ठिपके

सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियस लोयोलांनी दिवसाच्या परीक्षणाची पाच भागांची पद्धत घालून दिली. कॅथलिक नसाल तरी ती वापरता येते. वेळ अशी वाटा: दोन मिनिटं आजच्या दिवसाबद्दल आभार, नावं घेऊन. एक मिनिट प्रकाशासाठी विनंती. पाच मिनिटं सकाळपासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने. दोन मिनिटं क्षमा. दोन मिनिटं उद्याचा एक प्रसंग, आणि शेवटी "हे आमच्या स्वर्गातील पित्या". घरी जागा नसेल तर परतीच्या लोकलमध्ये करा. दादर सुटल्यावर सुरू केलं तर अंधेरी येईपर्यंत आरामात होतं, उभ्यानेही.

इग्नेशियसनी एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची आणखी एक रीत सांगितली आहे, आणि आपल्या वाक्यासाठी ती नेमकी बसते. वहीत सात ओळी आखा, रविवार ते शनिवार. वाक्यातली चूक झाली की त्या दिवसाच्या ओळीवर एक ठिपका. चूक घडली त्या क्षणी हात छातीशी न्यायचा, असंही ते सांगतात. चारचौघांत कुणाला कळतही नाही. भरलेल्या डब्यात बॅग छातीशी धरलेलीच असते, हात तिथेच असतो. आठवड्याच्या शेवटी ठिपके मोजून मागच्या आठवड्याशी ताडून पाहा.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात. घाबरू नका. चुका वाढलेल्या नसतात, आता त्या दिसू लागलेल्या असतात. तिसऱ्या आठवड्यात ठिपके एकदम शून्यावर आले तर मात्र शंका घ्या. बहुधा लिहायचं राहिलेलं असतं.

बाजूच्या पानावर गलतीकरांस पत्र ५:२२–२३ मधली फळं लिहून ठेवा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ही नऊ आहेत आणि एनिअग्रामचे प्रकारही नऊ, म्हणून काही जण एकेका नंबराला एकेक फळ वाटून देतात. तसं करू नका. मूळ ग्रीकमध्ये तिथे "फळ" हा शब्द एकवचनी आहे. सौम्यता सहा नंबरची आणि आनंद सात नंबरचा, अशी वाटणी पौलाने केलेली नाही. चिडक्या माणसालाही सौम्यता मागायची आहे, फक्त ती त्याला कुठे अडते हे त्याला आता माहीत आहे.

स्वभाव आणि प्रार्थना

हा भाग नवख्यांना फार दिलासा देतो. मोठ्याने स्तुती, टाळ्या, साक्ष, रात्रभर प्रार्थना असं वातावरण असलेल्या मंडळीत अबोल माणसाला आपला विश्वासच कमी आहे असं वाटू लागतं. उलट, शांत आराधनेच्या तासात चुळबुळ करणाऱ्याला आपण उथळ वाटतो. दोघांचंही चुकतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो काही वर्षांनी, आपल्या पावलांनी चालत येऊन घेतला. एकाच घरातल्या दोन स्वभावांची ही दोन वेळापत्रकं.

अबोल असाल तर साक्ष लिहून काढा, आजाऱ्याला एकट्याने भेटा, एका माणसाबरोबर प्रार्थना करा. बोलके असाल तर अभंग मोठ्याने म्हणा, चालत चालत प्रार्थना करा. पण स्वभाव म्हणजे सूट नव्हे. मोशे देवाला म्हणाला, मी बोलका नाही, जिभेचा जड आहे (निर्गम ४:१०). देवाने त्याचं जाणं रद्द केलं नाही. बरोबर अहरोन दिला. म्हणून "मला चारचौघांत जमत नाही" असं वाटलं की काम नाकारायच्या आधी विचारा: माझा अहरोन कोण?

गटात करायचं असेल तर

आठ माणसं, दोन तास. त्याहून मोठा गट नको, मग ते व्याख्यान होतं. पहिली वीस मिनिटं वाचन: प्रेषितांची कृत्ये १५:३६–४१. मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र वाद झाला आणि ते वेगळे झाले. मग २ तीमथ्य ४:११ वाचा, जिथे तोच पौल मार्कला घेऊन ये म्हणतो, तो मला उपयोगी आहे. पुढची चाळीस मिनिटं दोघादोघांच्या जोड्या, पायरी ५ चे प्रश्न. पाच मिनिटं चहा. मग पाऊण तास ज्याला वाटेल त्याने आपलं वाक्य वाचावं. शेवटी प्रार्थना.

पौलाचा प्रकार कुठला आणि बर्णबाचा कुठला हा खेळ सुरू झाला की तो तिथेच थांबवा. पत्रं आणि शुभवर्तमानं त्यासाठी लिहिलेली नाहीत. मार्था "काम करणारी" आणि मरीया "ध्यान करणारी" असं लूक १० वरून ठरवून टाकणारे योहान ११ वाचत नाहीत, जिथे वाटेवर जाऊन "तू ख्रिस्त आहेस" अशी कबुली देणारी मार्थाच आहे.

गटाचे नियम आधीच सांगा. दुसऱ्याचा प्रकार कुणी सांगायचा नाही. स्वतःचा सांगायची सक्ती नाही. ऐकलेलं खोलीबाहेर जायचं नाही, बायकोलाही नाही. कागद गोळा करायचे नाहीत. पाळकांनी किंवा फादरांनी प्रकार पाहून कामं वाटायची नाहीत. १ करिंथ १२ मधली दानं आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे देतो, आणि बुजऱ्या पोरातून चांगला संडे स्कूल शिक्षक झालेला बऱ्याच मंडळ्यांनी पाहिला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रकार चिकटवू नका. चौदाव्या वर्षी मिळालेलं "तू हळवा" हे नाव पोर पंचविशीपर्यंत वागवतं.

कुठे थांबायचं

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तो स्वभाव नव्हे. "मी चार नंबर, आम्ही उदासच असतो" असं म्हणून तो आजार अंगावर काढू नका. वही बंद करा आणि डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेली-मानस या मोफत मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर तिथेही "त्यांचा स्वभावच तापट" हे उत्तर लागू नाही. तिथे मदत घ्यायची, स्वभाव समजून घेत बसायचं नाही. औषध घेणं आणि प्रार्थना करणं एकमेकांच्या आड येत नाहीत.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी

पायरी ५ मधल्या त्याच दोघांकडे परत जा. आता निकाल दाखवला तरी चालेल. पहिला प्रश्न पुन्हा विचारा: मी दमलो की कसा वागतो? उत्तर पहिल्या उत्तराच्या शेजारी लिहा. फरक दिसला तर ते वाक्य आणखी सहा आठवडे चालू ठेवा. "काही फरक नाही" असं ते म्हणाले तर दुसरी चाचणी शोधत फिरू नका, वाक्य पुन्हा वाचा. बहुधा त्यात एखादं विशेषण लपलेलं असतं, किंवा ज्याला लागतं त्या माणसाचं नाव लिहायचं टाळलेलं असतं. नवं पान घ्या, तारीख घाला आणि पायरी ६ पासून पुन्हा सुरू करा.